ओम्नीचा सेल्फ: जुनाच बांधून घ्यावा, एक्स्चेंज घ्यावा की नवा बसवावा?

१९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ओम्नी २०१९ मध्ये बनायची थांबली, पण रस्त्यावरून गेली नाही. भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान, कुणाचं फिरतं दुकान, असं काय काय ती अजून वाहते. पंधरा वर्षं उलटल्यावर पर्यावरण कर भरून, फिटनेस काढून पुन्हा नोंदवलेल्या गाड्याही भरपूर आहेत. या गाडीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, रस्त्यावरच्या पाण्याच्या आणि चिखलाच्या अगदी टप्प्यात येते. पावसाळा सरता सरता वायरमनकडे, म्हणजे गाडीच्या विजेचं काम करणाऱ्याकडे, ओम्न्यांची रांग लागते ती यामुळेच.

सेल्फ गेला की मालकापुढे तीन वाटा असतात: जुना खोलून बांधून घेणं, एक्स्चेंजमध्ये रंगवलेला तयार सेल्फ घेणं, किंवा खोक्यातला नवा आणणं. या तिन्हींची पारख इथे केली आहे. माझं मत आधीच सांगतो. मूळ कंपनीचा सेल्फ असेल, आर्मेचर (आतला फिरणारा, तांब्याच्या कॉईलचा भाग) शाबूत असेल आणि दुकानात ग्राउलर (आर्मेचर तपासायचं यंत्र) आणि लेथ असेल, तर जुना बांधून घेणं सगळ्यात चांगलं. आर्मेचर गेलं असेल तर नावाजलेल्या कंपनीचा नवा घ्यावा. एक्स्चेंज अगदीच अडल्याखेरीज घेऊ नये.

पण त्याही आधी एक गोष्ट. सेल्फ काढायची घाई करू नका. 'सेल्फ गेला' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत सेल्फ ठणठणीत असतो आणि दोष केबलमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा चावीच्या स्विचमध्ये असतो. अशा गाडीला नवा सेल्फ लावला तरी चार दिवसांनी तीच रड.

आधी कान, मग मीटर

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं त्यावरून अर्धं निदान होतं. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जोरदार 'टक्' होऊन शांतता पसरली तर सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतोय, पण पुढे करंट जात नाही. आतले कॉन्टॅक्ट जळालेत, ब्रश (आर्मेचरला करंट पोचवणारे घासते तुकडे) संपलेत किंवा मेन केबलचा लग (टोकाची धातूची कडी) सडला आहे. आवाजच नसेल तर चावीच्या स्विचपासून सॉलेनॉइडच्या बारीक वायरीपर्यंत तपासा. मोटर नुसतीच घुर्र फिरते आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक इंजिनला जोडणारा भाग) घसरतंय. दात खरडल्यासारखा कर्कश आवाज आला तर बेंडिक्सचे किंवा फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) रिंगचे दात गेलेत. सकाळी थंड गाडी झटक्यात उठते आणि तासभर चालवून बंद केली की सेल्फ जड फिरतो, असं असेल तर बहुधा बुश (ज्यांत शाफ्ट फिरतो त्या कड्या) झिजलेत आणि आर्मेचर आत घासतंय.

यानंतर मल्टीमीटर. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉईलची प्लसची वायर काढा, म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल. गॅस किट असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून वास घ्या. सेल्फच्या टर्मिनलवर ठिणगी पडते आणि इंजिन सीटखाली कोंडलेल्या जागेत आहे, त्यामुळे यात हयगय नको.

काहीही चालू नसताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली, तर आधी बॅटरी चार्ज करून लोड टेस्ट करा. ओम्नीला ३५ एएचची बॅटरी पुरते, मात्र ती धड हवी. आता खरी चाचणी. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर (पट्टीवर नव्हे, खुंटावरच) आणि काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा, आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. मीटर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर मधली केबल करंट खातेय. मग लाल पिन सेल्फच्या उघड्या धातूवर, काळी बॅटरीच्या मायनस खुंटावर. इथे ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब.

अर्थिंगकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट इंजिन-गिअरबॉक्स ते चासी या एका विणलेल्या पट्टीतून परत जातो. ती पट्टी सडून चार तारांवर आली की करंट दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, क्लचची केबल. सेल्फ मारताना यातली एखादी केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला, तर सेल्फला हातही लावू नका, आधी पट्टी बदला. मालवण-रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या खाऱ्या हवेत लगच्या आत हिरवी भुकटी साचते. बाहेरून केबल धडधाकट दिसते, पण इन्सुलेशन बोटभर सोललं की आतली तार काळी पडून ठिसूळ झालेली सापडते. मेन केबल बदलताना २५ चौरस मिमीची, निव्वळ तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार बाजारात खूप आहे; कापून टोक खरवडलं की पांढरं दिसतं.

शेवटची चाचणी सॉलेनॉइडच्या बारीक टर्मिनलची. चावी मारलेली असताना तिथे आणि बॉडीच्या मध्ये ८ व्होल्टसुद्धा येत नसतील, तर दोष चावीच्या स्विचचा किंवा वायरीचा. जुन्या गाडीत सॉलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून जातो आणि स्विचचे कॉन्टॅक्ट झिजत जातात. यावर उत्तम आणि स्वस्त उपाय म्हणजे चार पिनांचा ३० ॲम्पिअरचा रिले. ३० नंबरच्या पिनला बॅटरीहून ३० ॲम्पिअरच्या फ्यूजमधून येणारी ४ चौरस मिमीची वायर, ८७ वरून सॉलेनॉइडला, ८६ ला चावीची जुनी वायर, ८५ बॉडीला अर्थ. अर्ध्या तासाचं काम आहे. 'सेल्फ कधी उठतो, कधी उठत नाही' ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच संपते.

वाट पहिली: जुना बांधून घेणं

काढायला गाडीखाली जावं लागतं. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका; घोडे (गाडी पेलणारे स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा. बॅटरीची मायनस आधी काढा, मग सेल्फच्या वायरी. १०, १२ आणि १४ च्या पान्यांत बहुतेक काम भागतं. जुन्या गाडीत बोल्ट गंजून धरलेले असतात. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवलं तर बोल्टाचं डोकं गोल व्हायची वेळ येत नाही.

सेल्फ टेबलावर आला की दुकानदाराला तुमच्यासमोर खोलायला सांगा. चांगला वायरमन याला नाही म्हणत नाही. खोलल्यावर पहिली नजर आर्मेचरच्या लोखंडी पत्र्यांवर टाका. एका बाजूला चकाकणारा घासल्याचा पट्टा दिसला तर बुश गेलेत आणि आर्मेचर पोलला (भोवतीच्या स्थिर लोखंडाला) लागत होतं. मग पुढच्या-मागच्या झाकणांच्या आणि पिंजऱ्याच्या (सेल्फच्या बाहेरच्या कवचाच्या) आतल्या भिंती बघा. तिथे कथलाचे बारीक चकचकीत ठिपके उडालेले असतील, तर सेल्फ लांबच लांब मारत राहिल्याने आर्मेचर इतकं तापलंय की कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या) जोडांवरचं कथील वितळून बाहेर फेकलं गेलंय. असे ठिपके दिसले की दुरुस्तीचा विचार सोडा, बाकी सगळं कितीही चांगलं असो.

ठिपके नसतील तर ग्राउलर. आर्मेचर त्याच्या कुशीत ठेवून वर हॅकसॉचं पातं धरतात आणि आर्मेचर हळूहळू फिरवतात. एखाद्या खाचेवर पातं थरथरून गुणगुणायला लागलं, तर त्या खाचेतली कॉईल शॉर्ट आहे. शिवाय टेस्ट बल्बची एक तार शाफ्टला आणि दुसरी कम्युटेटरच्या प्रत्येक पट्टीला लावायची; बल्ब लागता कामा नये. या दोन चाचण्या पाच मिनिटांच्या आहेत. त्या न करता 'ब्रश टाकून देतो' म्हणणाऱ्या दुकानात काम देऊ नका, कारण ब्रश बदलून सेल्फ चालेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसतं.

आर्मेचर पास झालं तर कामाचा क्रम असा. कम्युटेटरवर लेथवर बारीक कट, फक्त चट्टे जाऊन गोल होईल इतकाच. त्यानंतर पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) साधारण अर्धा मिलिमीटर खाली कोरायचा. ही पायरी बरेच जण गाळतात. तांबं मायकापेक्षा लवकर झिजतं, मायका वर राहतो, नवे ब्रश त्यावर उड्या मारतात आणि ठिणग्या पडून काही महिन्यांत काळे पडतात. साफ करायला साधा काचकागद वापरावा, एमरी नको. तिची पूड खाचांत अडकून पट्ट्या आपसांत जोडते.

ब्रश चारही एकदम बदलायचे आणि दाबणाऱ्या स्प्रिंगाही बघायच्या; तापून निळसर पडलेली स्प्रिंग मऊ झालेली असते. बुश सच्छिद्र कांस्याचे असतात. ते बसवण्यापूर्वी काही तास इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवावे लागतात, म्हणजे तेल आत मुरतं आणि तेच पुढे वर्षानुवर्षं वंगण देतं. खोक्यातून काढून कोरडाच ठोकलेला बुश लवकर आवाज करायला लागतो. दुकानात तेलाच्या डबीत बुश बुडवून ठेवलेले दिसले तर समजा, योग्य जागी आलात.

सॉलेनॉइडचं झाकण उघडता येत असेल तर आतली तांब्याची चकती आणि दोन मोठ्या बोल्टांची टोकं पाहावीत. 'टक्' होऊन गाडी न उठण्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं: चकतीच्या कडेला जळून खड्डे, बोल्टाच्या टोकावर काजळी. चकती उलटी करून लावली तर दुसरी बाजू कोरी मिळते. तात्पुरतं चालतं, पण बोल्टही बदललेले बरे. झाकण सील असेल तर पूर्ण सॉलेनॉइड नवा घ्या.

बेंडिक्स हातात धरून दातेरी चाक फिरवा. एका बाजूला मोकळं फिरलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट अडलं पाहिजे. दोन्हीकडे सरकलं तर नवं घ्या. ते पेट्रोलमध्ये बुडवून धुऊ नये. आत कारखान्यातून भरलेलं ग्रीस धुऊन जातं आणि रोलर सुटे पडतात. फडक्यानं पुसणं पुरेसं. शाफ्टच्या आट्यांवर ग्रीस अगदी पातळ, बोटानं फिरवल्याइतकं. जास्त लावलं तर क्लचची धूळ त्यात कालवली जाऊन पावसाळ्यात बेंडिक्स चिकटतं. सेल्फच्या नाकाखाली पाणी निघायला भोक असेल तर ते मोकळं आहे ना, हेही बघा.

ब्रश, बुश, सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट आणि लेथचं काम एवढ्यावर भागलं तर खर्च नव्या सेल्फच्या तुलनेत बराच कमी येतो. बेंडिक्स आणि सॉलेनॉइड दोन्ही पडले तरी हिशेब जमतो. एकूण आकडा नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की थांबा. आर्मेचर रिवाइंड करून देतो म्हणणाऱ्याला मात्र नको म्हणा. सेल्फच्या आर्मेचरमध्ये जाड तांब्याच्या पट्ट्या असतात. ते काम हाताने कारखान्यासारखं क्वचितच उतरतं, आणि सैल राहिलेली पट्टी फिरताना बाहेर आली तर फिल्ड कॉईलही (पिंजऱ्यातली स्थिर कॉईल) फाडते.

वाट दुसरी: एक्स्चेंज

जुना द्या, वरचे पैसे द्या, तासाभरात गाडी चालू. सोय म्हणून याला तोड नाही आणि धंद्याच्या गाडीला दिवस मोडणं परवडत नाही, हे मान्य. अडचण अशी की तुमचा मूळ कंपनीचा पिंजरा जातो आणि त्या बदल्यात कुठल्या कुठल्या सेल्फचे तुकडे जुळवून रंगवलेला एक येतो. रंगाखाली झाकलेलं दिसत नाही. वारंवार बुश ठोकून पुढच्या झाकणाचं भोक मोठं झालेलं असतं आणि तिथे नवा बुशही सैलच बसतो.

घ्यायचाच असेल तर दातेरी चाक बाहेर ओढून शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. हाताला खटखट लागली तर परत ठेवा. आणि बॅटरी लावून तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातून काढलेले सेल्फ मिळतात, त्यांनाही हीच कसोटी. न फिरवता घेतलेला वापरलेला सेल्फ म्हणजे बंद मुठीचा सौदा.

वाट तिसरी: नवा

कंपनीचा जेन्युइन किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा नवा सेल्फ बसवला तर पुढची काही वर्षं चिंता नाही, यात शंका नाही. शंका असते ती खोक्यात खरंच तोच माल आहे का याची. ओम्नी आणि मारुती ८०० या गाड्या इतक्या खपल्या की त्यांच्या पार्टचा डुप्लिकेट मालही तितकाच निघाला. पुण्यात नाना पेठेत एकाच गल्लीत खरे आणि डुप्लिकेट, दोन्ही सेल्फ दिसतात. हातात घेऊन जुन्याशी तोलून बघा; फारच हलका लागला तर आत तांबं कमी असण्याचा संभव मोठा. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि सेल्फवरचा नंबर जुळला पाहिजे.

जुना सेल्फ सोबत नेणं हीच खरी खबरदारी. दोन्ही शेजारी ठेवून बोल्टाच्या भोकांमधलं अंतर, दातेरी चाकाचे दात (मोजून, अंदाजाने नव्हे), नाकाची लांबी आणि जाड बोल्टची दिशा पाहा. बोल्ट चासीच्या बाजूला वळलेला असेल तर धक्क्याने तो लोखंडाला टेकतो, आणि बॅटरीपासूनच्या या तारेला बहुधा फ्यूज नसतो. काही नव्या सेल्फमध्ये फिल्ड कॉईलऐवजी पिंजऱ्याला मॅग्नेट चिकटवलेले असतात. वजनाला हलके, करंट कमी घेतात, चांगले आहेत. मात्र अडल्यावर हातोडीने ठोकायची जुनी सवय इथे चालणार नाही. मॅग्नेट तडकला की सेल्फ कायमचा गेला.

वॉरंटी बिलावर लिहून घ्या. 'सेल्फ खोलला तर वॉरंटी नाही' ही अट बहुतेक ठिकाणी असते, म्हणून तक्रार आली तर परस्पर दुसऱ्याकडून उघडू नका.

रिंगचे दात

नवा सेल्फ बसवूनही खरडण्याचा आवाज येतो, अशी तक्रार घेऊन लोक दुकानदाराशी भांडतात. यात पुष्कळदा दुकानदाराची चूक नसते. तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठल्यातरी एका सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं, म्हणजे फ्लायव्हील नेहमी त्याच तीन जागांवर थांबतं. बेंडिक्स दर वेळी त्याच तीन पट्ट्यांवर आदळतं आणि रिंगचे दात तिथेच, एकमेकांपासून १२० अंशांवर, झिजतात. खात्री करायची असेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हातभर पुढे ढकला, न्यूट्रल करा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता बिनआवाज उठली तर रिंगच गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुनी रिंग तापवून ६० अंश फिरवून बसवणारे कारागीर आहेत, पण एवढी मजुरी भरून गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर नवी रिंग घाला आणि क्लच प्लेटही त्याच वेळी बघून घ्या.

घेताना आणि बसवल्यावर

बांधलेला असो वा नवा, दुकानातच व्हाइसमध्ये घट्ट धरून बॅटरीवर फिरवून बघा. दातेरी चाक एका झेपेत बाहेर आलं पाहिजे, मोटर एकसुरात फिरली पाहिजे आणि तार सोडताच चाक मागे गेलं पाहिजे. क्लॅम्प मीटर असेल तर लोडशिवाय या आकाराचा सेल्फ साधारण ५० ॲम्पिअर किंवा त्याहून कमी घेतो. बराच जास्त घेऊन सावकाश फिरत असेल तर आत काहीतरी घासतंय. तीन-चार सेकंदांहून जास्त फिरवू नका.

बसवताना गिअरबॉक्सवरची बैठक आणि सेल्फची कड तारेच्या ब्रशने चकचकीत करा. करंट परत जायची वाट तीच आहे, तिथे रंग किंवा गंज राहिला तर नवा सेल्फही जड फिरेल. एक्स्चेंजच्या सेल्फवर तर कडेलाही रंग मारलेला असतो, तो खरवडून काढाच. जाड बोल्टचा नट बेताने आवळा. फार ताणला तर बोल्ट फिरून सॉलेनॉइडचं झाकण फुटतं. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात. रबरी टोपी नसेल तर आणून लावा.

मग चावी. एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, आणि नाहीच उठली तर मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. कार्ब्युरेटर आणि गॅस किटच्या ओम्नीत सेल्फ मरण्याचं मोठं कारण म्हणजे इंजिन वेळेवर न पकडणं. प्लगमधलं अंतर वाढलेलं, चोक नीट न लागणारा, किंवा थंड गाडी थेट गॅसवर उठवायचा हट्ट. थंड गाडी पेट्रोलवर उठवा आणि मिनिटभराने गॅसवर घ्या. दोन-तीन सेकंदांत इंजिन पकडत नसेल तर वायरमनकडे नव्हे, मेकॅनिककडे न्या.